चिमूटभर दुर्गंध

सायंकाळचे पाच वाजले होते. सुमन शाळेतून घरी आली. दप्तर खुंटीला अडकवून ती पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघराकडे वळली, तोच उंबरठ्याशी थबकली आणि तिने नाक मुरडले.

"आजी, येथे कांदे नासले आहेत काय गं?"

आजी देवापुढे वाती वळीत बसली होती. हातातला कापूस तसाच टाकून ती उठली, दाराशी आली आणि तिने एकदाच वास घेतला.

"अगं, कांदे कसले नासतात! गॅसचा वास आहे हा. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. आधी खिडकी उघड."

आजीने शेगडीजवळ जाऊन पाहिले. एक कळ पुरती बंद झालेली नव्हती. तिने ती बंद केली, सिलिंडरवरचा रेग्युलेटरही बंद केला आणि मागचे दार सताड उघडले. थोड्या वेळाने वास ओसरला आणि दोघीजणी, काही घडलेच नाही अशा रीतीने, आपापल्या कामाला लागल्या.

खरोखरच काही घडले नाही. परंतु ते का घडले नाही, हे विचार करण्यासारखे आहे. आजीच्या डोळ्यांना काही दिसले नव्हते, कानांना काही ऐकू आले नव्हते. तिला सावध केले ते त्या वासाने. आणि मुलांनो, नवल हे की, तो वास वायूचा नव्हताच! आपल्या शेगडीत जळणारा वायू मूळचा जवळजवळ गंधहीन असतो. त्याला तो दुर्गंध कोणीतरी मुद्दाम, मोजूनमापून लावलेला असतो. वाहत्या इंधनात एवढेसे द्रव्य अचूक प्रमाणात मिसळणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. ते कसे करतात आणि ते करण्याची पाळी माणसावर का आली, हे आपण पाहू.

पूर्वी ही अडचण नव्हती. मुंबईच्या काही रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे लागले. तो वायू दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत. त्यात गंधकाची संयुगे आणि डांबराचा अंश राहत असल्यामुळे त्याला स्वतःचाच उग्र दर्प होता. नळ कोठे गळू लागला की शेजारीपाजारी नाके दाबीत आणि दुरुस्ती करणाऱ्यास बोलावणे धाडीत. पुढे जमिनीच्या पोटातून नैसर्गिक वायू निघू लागला. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला रंग नाही, वास नाही. तो स्वच्छ जळतो, काजळी धरीत नाही. इंधन म्हणून तो गुणी खरा. परंतु त्याचे पाऊल वाजत नाही. तो खोलीत शिरला तरी कळत नाही आणि साचला तरी कळत नाही. हवेच्या शंभर भागांत त्याचे सुमारे पाच भाग झाले की मग मात्र एखादी ठिणगी पुरते.

जर्मनीत १८८० नंतरच्या दशकातच काही जाणत्या माणसांनी गंधहीन वायूला वास लावून पाहिला होता. म्हणजे उपाय ठाऊक होता. परंतु उपाय ठाऊक असणे निराळे आणि तो सर्वांनी सक्तीने अमलात आणणे निराळे. या दोहोंच्या मध्ये किती मोठी दरी असते, हे जगाला एका शाळेने दाखवून दिले.

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, त्याच्या पूर्व भागात, न्यू लंडन नावाचे एक लहानसे गाव आहे. १९३० च्या सुमारास त्या परिसरात खनिज तेल सापडले आणि पाहता पाहता सारा मुलूख श्रीमंत झाला. तेलाच्या उत्पन्नातून गावकऱ्यांनी मुलांसाठी भव्य शाळा बांधली. पोलादी सांगाड्याची ती इमारत खेड्यातील शाळांत देशभर नावाजली गेली होती. खोल्या उबदार राहाव्यात म्हणून जागोजाग वायूवर चालणाऱ्या शेगड्या बसविल्या होत्या. इमारतीच्या जमिनीखाली एक मोठी पोकळी होती. तिच्यातून वायूचे नळ गेलेले होते.

तेल काढताना त्याच्याबरोबर वायूही निघतो. त्या काळी त्या भागात असा उरलेला वायू निरुपयोगी म्हणून जाळून टाकीत. १९३७ च्या जानेवारीत शाळेने पैसे भरून मिळणारा वायू बंद केला आणि खर्च वाचविण्यासाठी आपला नळ अशाच उरलेल्या वायूच्या वाहिनीला जोडला. आसपासची घरे आणि देवळेही तसेच करीत, त्यामुळे त्यात कोणाला फारसे वावगे वाटले नाही. या वायूला वास लावलेला नव्हता. एका सांध्यातून तो गळू लागला आणि जमिनीखालच्या त्या बंद पोकळीत साचत गेला. मुलांची डोकी दुखत असल्याच्या तक्रारी येत होत्या, असे मागाहून लोकांना आठवले. परंतु डोके दुखण्याची कारणे काय थोडी असतात? नाकाला मात्र काहीच कळले नाही.

१८ मार्च १९३७, गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. शाळा सुटण्यास थोडाच अवकाश होता. व्यायामशाळेच्या वेगळ्या इमारतीत पालकांची सभा चालली होती. इकडे कार्यशाळेत हस्तकलेच्या शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. बटणातून एक ठिणगी उडाली. भिंती बाहेर फुगल्या, छप्पर वर उचलले गेले आणि दुसऱ्याच क्षणी सारी इमारत खाली बसली. काँक्रीटचा एक अवजड तुकडा दूर उभ्या असलेल्या मोटारीवर जाऊन आदळला. सभेला आलेले आईबाप धावत सुटले. तेलविहिरींवरील कामगार आपली यंत्रे आणि हातांची ढोपरे घेऊन आले व रात्रभर, भर पावसात, ढिगारा उपसत राहिले. सुमारे तीनशे माणसे त्या अपघातात गेली. त्यांपैकी बहुतेक तुमच्याच वयाची मुले होती.

ढिगाऱ्यात एक फळा सापडला, असे सांगतात. तेल आणि नैसर्गिक वायू ही आपल्या प्रदेशाला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर खडूने लिहिलेले होते.

चौकशी झाली. कोणा एकावर दोष ठेवता येईना, कारण जे घडले ते त्या भागात रोज सगळेच करीत होते. परंतु त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने कायदा केला की, लोकांच्या वापरासाठी पुरविल्या जाणाऱ्या वायूला ओळखता येईल असा वास लावलाच पाहिजे. पुढे इतर राज्यांनी आणि इतर देशांनीही असेच नियम केले.

आता प्रश्न आला की, वास कशाचा लावावा? अत्तराचा लावून चालणार नाही. सुवासाने माणूस सुखावतो, सावध होत नाही. शिवाय गुलाबाचा वास आला तर घरात कोणी गुलाब आणला असेल असेच आपण समजू. वास असा हवा की तो इतर कशाचा वाटू नये, नकोसा वाटावा आणि अगदी थोड्या अंशानेही जाणवावा. तो ज्योतीत जळून जावा, म्हणजे स्वयंपाक करताना त्रास होणार नाही. या सर्व कसोट्यांना उतरणारी द्रव्ये गंधकाच्या संयुगांत सापडली. त्यांना मर्कॅप्टन म्हणतात. आपल्या सिलिंडरमधील वायूसाठी वापरतात ते एथिल मर्कॅप्टन. कुजलेली कोबी, नासका कांदा आणि लसूण यांचे मिश्रण करावे तसा त्याचा दर्प असतो. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी निरोगी नाकाला तो कळू शकतो.

या वासाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत गिधाडासारखा एक पक्षी आहे. त्याला तेथे टर्की व्हल्चर म्हणतात. मेलेली जनावरे तो वासाने हुडकतो. कुजणाऱ्या मांसातूनही मर्कॅप्टन निघते. कॅलिफोर्नियात वायूची लांबलचक वाहिनी सांभाळणाऱ्या कामगारांच्या ध्यानात आले की, ज्या ठिकाणी हे पक्षी घिरट्या घालतात त्या ठिकाणी बहुधा नळ गळत असतो! आपल्याकडील गिधाडे मात्र भक्ष्य शोधतात ती डोळ्यांनी. त्यांचा या कामी उपयोग नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. दुर्गंध किती लावावा?

यासाठी एक दंडक ठरलेला आहे. हवेत वायूचे जितके प्रमाण झाले असता स्फोट होऊ शकतो, त्याच्या एक पंचमांश प्रमाण होताच साधारण माणसाला वास स्पष्ट कळला पाहिजे. नैसर्गिक वायूचा स्फोट होण्यास हवेत त्याचे शेकडा सुमारे पाच भाग लागतात. म्हणजे शेकडा एक भाग होताच नाकाने वर्दी दिली पाहिजे.

हे प्रमाण साधण्यासाठी साधारणपणे एका घनमीटर वायूत दहा-पंधरा मिलिग्रॅम वासद्रव्य मिसळतात. आपण बारा मिलिग्रॅम धरू आणि थोडे गणित करू. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिच्यात सत्तावीस घनमीटर हवा मावते. तिचा शंभरावा भाग वायूने व्यापला, तर तो वायू झाला पाव घनमीटरहून किंचित अधिक. त्यात वासद्रव्य किती? फक्त तीन मिलिग्रॅम! तांदळाचा एक दाणा वजनाने वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. त्याचे सात तुकडे करा आणि एक तुकडा चिमटीत धरा. घरातील माणसांना जागे करण्यासाठी एवढेच द्रव्य त्या खोलीत असते.

इतकी अल्प मात्रा एकदा मोजून घालणे फारसे अवघड नाही. आई दुधाच्या पातेल्यात विरजण घालते, फोडणीत हिंगाची चिमूट टाकते. दूध पातेल्यात स्थिर असते, त्याचे माप ठाऊक असते, वर डावाने ढवळताही येते. वायूचे तसे नाही. तो नळातून अखंड वाहत असतो, आणि वाहण्याचा वेगही क्षणोक्षणी बदलत असतो. पातेल्यात मीठ घालणे निराळे आणि वाहत्या ओढ्यात असे मीठ घालणे निराळे की, ओढ्याचे पाणी कोठूनही ओंजळीत घेतले तरी चव एकच लागावी.

एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. नळाखाली बादली लावली आहे आणि तुमच्या हाती शाईची बाटली आहे. येणाऱ्या पाण्याला सर्वत्र सारखा फिका निळा रंग यावा, अशी अट आहे. तुम्ही घड्याळ पुढे ठेवून दर दहा सेकंदांनी एक थेंब टाकू लागलात. इतक्यात कोणी नळ मोठा केला. पाणी पांढरेच दिसू लागले. कोणी तो बारीक केला. पाणी गडद निळे झाले. तेव्हा थेंब घड्याळाकडे पाहून टाकून भागणार नाही, पाण्याकडे पाहून टाकले पाहिजेत. वाहत्या इंधनात कोणतेही द्रव्य मिसळण्याची खरी मेख हीच आहे.

समजा, एका लहान शहराला वायू पुरवायचा आहे. सायंकाळी घरोघर चुली पेटतात तेव्हा तासाला एक हजार घनमीटर वायू जातो. त्याला वासद्रव्य लागेल बारा ग्रॅम, म्हणजे चहाचे जेमतेम तीन चमचे. हे तीन चमचे तासभरात पुरवून पुरवून घालायचे! मध्यरात्री सारे शहर झोपले म्हणजे तासाला शंभरच घनमीटर वायू जातो. त्या वेळी लागेल पाव चमचा. रात्रीही तीन चमचेच पडत राहिले, तर वायूला दहापट दुर्गंध येईल. आणि पाव चमच्याचाच बेत सायंकाळपर्यंत चालू राहिला, तर गळणारा वायू स्फोटाच्या सीमेवर येईल तरी नाकाला पुरती ओळख पटणार नाही.

यावर पहिली युक्ती निघाली ती समईच्या वातीसारखी. वासद्रव्याच्या भांड्यात वात बुडवून तिचे टोक वायूच्या नळात सोडायचे. वायू वातीवरून जाताना वास घेऊन जातो. थोड्या वायूपुरती ही सोय बरी. दुसरी युक्ती अधिक शहाणी आहे. मोठ्या नळात एक अडथळा ठेवून वायूचा एक छोटा फाटा बाजूला काढतात, तो वासद्रव्याच्या टाकीतून, द्रवाच्या पृष्ठभागावरून फिरवितात आणि पुन्हा मुख्य प्रवाहात सोडतात. नळात वायू अधिक वाहू लागला की फाट्यातूनही अधिक वाहतो, कमी झाला की कमी. म्हणजे प्रवाहच आपली मात्रा आपण ठरवितो! तेथे वीज नको, यंत्र नको. परंतु एथिल मर्कॅप्टन केवळ ३५ अंश सेल्सिअसला उकळते. उन्हाळ्यात टाकी तापली की त्याची वाफ फार होते, आणि हिवाळ्यात कमी. ऋतूबरोबर वास बदलत गेला तर त्यावर भरवसा कसा ठेवावा?

म्हणून मोठ्या केंद्रांत आता मोजून द्रव्य सोडणारा पंप वापरतात. त्यात एक बारीक दट्ट्या असतो. तो मागे सरला की टाकीतून ठराविक द्रव आत येतो, आणि पुढे सरला की तेवढाच द्रव वायूच्या नळात ढकलला जातो. येण्याच्या वाटेवर एक झडप आणि जाण्याच्या वाटेवर एक झडप अशी रचना असल्यामुळे द्रव उलटा फिरत नाही. मुख्य नळावर वायू मोजणारा मापक बसविलेला असतो. तो पंपाला हुकूम देतो. एका टोल्याला दट्ट्या मिलिलिटरचा दहावा भाग सोडतो असे धरले, तर आपल्या शहरासाठी दर सात घनमीटर वायूमागे एक टोला पडला पाहिजे. सायंकाळी तो दर पंचवीस सेकंदांनी पडेल, मध्यरात्री दर चार मिनिटांनी. मापकाने वायू मोजावा, पंपाने त्याचे ऐकावे, आणि हे रात्रंदिवस चालावे.

येथे कोणी चौकस मुलगा विचारील, "चार मिनिटांत एकच टोला पडला, तर मधल्या वेळात गेलेल्या वायूचे काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे! टोल्याटोल्यांमधला वायू बिनवासाचा निघून जाऊ शकतो. म्हणून प्रवाह मंद असेल तेव्हा टोल्यांची संख्या फार घटू न देता प्रत्येक टोल्यातील द्रव कमी करतात. एकदम मोठा घोट देऊन थांबण्यापेक्षा लहान लहान घोट वारंवार दिलेले बरे. शिवाय द्रव नळाच्या तळाशी थारोळे करून राहू नये, प्रवाहात विरून जावा, यासाठी तो नळाच्या कडेला न सोडता बारीक तोटीने मधोमध सोडतात.

इतके करूनही पंप फसवितो. फसविण्याची त्याची आवडती रीत म्हणजे बुडबुडा. मर्कॅप्टनची वाफ चटकन होते हे आपण पाहिलेच. त्या वाफेचा एखादा बुडबुडा दट्ट्यापुढे अडकला, की दट्ट्या पुढे येतो, बुडबुडा दबतो. दट्ट्या मागे जातो, बुडबुडा फुगतो. टोले नियमाने पडत आहेत, आवाज होत आहे, मोजणारे काटे टोले मोजीत आहेत, आणि नळात मात्र एक थेंबही उतरत नाही! झडपेत धुळीचा कण अडकला तरी असेच होते. हे टाळण्यासाठी टाकीत वरून दाब ठेवतात, म्हणजे द्रव सहजी वाफ होत नाही, आणि गाळणी लावून द्रव गाळून घेतात. तरीही केवळ टोल्यांच्या आकड्यावर विसंबून राहणे हा या धंद्यात अडाणीपणा समजला जातो. टाकीतील द्रव्य किती उतरले हे मोजतात, तेवढ्या वेळात किती वायू गेला हे पाहतात, आणि दोहोंचा मेळ घालतात. किराणा दुकानदार संध्याकाळी गल्ला आणि माल यांचा मेळ घालतो, तसाच हा प्रकार आहे.

आता तुम्ही म्हणाल, कमी पडण्याचे भय असेल तर सरसकट दुप्पट वास का लावू नये? तसे केले तर घराघरांतून रोज गळतीच्या तक्रारी येतील. कळ फिरवून काडी ओढीपर्यंत निसटणारा जरासा वायूही घर भरून टाकील. लोक चार वेळा धावपळ करतील, पाचव्या वेळी म्हणतील, "येतोच तसा वास, त्यात काय!" आणि नेमकी तीच पाचवी गळती खरी असायची. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे.

अति वासाने काय होते याचा मासला २१ जानेवारी २०१३ रोजी युरोपने पाहिला. फ्रान्समधील रूआँ या शहरातील एका रासायनिक कारखान्यातून मर्कॅप्टन हवेत निसटले. वाऱ्याबरोबर तो दर्प दूर पॅरिसपर्यंत आणि समुद्र ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आपल्याच घरात वायू गळतो आहे, अशा समजुतीने असंख्य लोकांनी घाबरून दूरध्वनी केले. वायूचा एक थेंबही कोठे गळत नव्हता. परंतु अशा दिवशी कोणाच्या घरी खरीच गळती झाली असती, तर त्याची हाक त्या गोंधळात कशी ऐकू आली असती?

बरे, पंपाने आपले काम चोख केले तरी वाटेत चोर बसलेले असतात. नवा पोलादी नळ किंवा नवी टाकी वासद्रव्य शोषून घेते. आत गंज असेल तर मर्कॅप्टनचे रूपांतर दुसऱ्या, कमी वासाच्या संयुगात होते. म्हणून नवी वाहिनी सुरू करताना प्रथम काही काळ अधिक मात्रा सोडून तिची भूक भागवावी लागते. जमिनीखालील नळ फुटला तर वायू मातीतून वर येतो, आणि येताना माती त्याचा वास गाळून ठेवते. यासाठी केंद्रातील हिशेब कितीही बरोबर असला, तरी वाहिनीच्या दूरच्या टोकाशी जाऊन प्रत्यक्ष वास घेऊन पाहावाच लागतो. एक लहानसे उपकरण थोडा वायू पुष्कळ हवेत मिसळून तपासनिसाच्या नाकापुढे सोडते. तो वायूचे प्रमाण हळूहळू वाढवितो, वास कळला की थांबतो आणि आकडा नोंदवहीत लिहितो. शेकडा एक भागाच्या आत वास कळला तर ठीक. ज्याला पडसे झाले आहे त्याला त्या दिवशी हे काम देत नाहीत. एवढी यंत्रे, एवढी गणिते, आणि अखेरचा निवाडा माणसाच्या नाकाचा!

मुंबई हायच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल व वायू सापडला. तेथून वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो. आज मुंबईत आणि इतर अनेक शहरांत नळाने घरोघर पोहोचणाऱ्या नैसर्गिक वायूला शहराच्या वेशीवरील केंद्रात अशाच रीतीने वास लावतात. सिलिंडरमधील वायू दाबाखाली द्रवरूप असतो. त्याला सिलिंडरात भरण्याच्या पुष्कळ आधी, तो नळातून वाहत असतानाच, वास लावला जातो. अमेरिकेत रूढ असलेले एक जुने प्रमाण असे आहे की, दहा हजार गॅलन द्रवरूप वायूला एक पौंड एथिल मर्कॅप्टन घालावे. म्हणजे लिटरला सुमारे बारा मिलिग्रॅम. या प्रमाणाने आपल्या १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरात वासद्रव्य येईल ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. सिलिंडर संपत आला की वास जरा अधिक जाणवतो, हे घरातील मोठ्या माणसांनी पाहिलेले असते. वायू लवकर उडून जातो, मर्कॅप्टन त्यामानाने सावकाश उडते. त्यामुळे तळाशी त्याचे प्रमाण वाढत जाते. सिलिंडरात काही बिघडले म्हणून तसे होते, असे नव्हे.

नाकाचा एक दोषही ध्यानात ठेवला पाहिजे. तेच ते हुंगत राहिले की नाक थकते आणि वास येईनासा होतो. स्वयंपाकघरात बराच वेळ बसलेल्या माणसाला जे कळत नाही, ते बाहेरून आलेल्याला दारातच कळते. सुमनला वास आधी आला आणि घरात बसलेल्या आजीला नंतर, याचे एक कारण हेही असेल. तेव्हा वास आला होता आणि आता येत नाही, एवढ्यावरून गळती थांबली असे समजू नये.

असा वास आला तर आजीने केले तेच करावे. काडी ओढू नये. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालूही करू नये आणि बंदही करू नये. न्यू लंडनच्या शाळेत ठिणगी बटणातूनच पडली होती. कळ आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. सिलिंडरमधील वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरतो, म्हणून खालपर्यंत उघडणारे दार अधिक उपयोगी. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने वर छताकडे साचतो. तेथे वरची झडपे उघडावीत. वास जाईना तर सर्वांनी घराबाहेर पडावे आणि दूर जाऊन मग दूरध्वनी करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी आपल्या देशात १९०६ हा क्रमांक आहे. दुरुस्तीला येणारा मनुष्य काडी पेटवून गळती शोधीत नाही. तो साबणाचे पाणी घेतो, त्याचा फेस नळीच्या सांध्यांवर लावतो आणि वाकून पाहत राहतो. ज्या जागी बुडबुडा फुगतो, तेथे त्याचे काम सुरू होते.